खिडकीच्या बाहेरची बाजू

शाबान निम्मा सरला की आपल्या मोहल्ल्यांत ओळखीची लगबग सुरू होते. गच्चीवर गालिचे झटकले जातात, माळ्यावरची पातेली खाली येतात, पडदे बालदीत भिजत पडतात. रमजानच्या आधी घर लख्ख झाले पाहिजे ही आपली रीत आहे, आणि चांगली रीत आहे. सहीह मुस्लिममधील हदीसने पाकीला ईमानाचा अर्धा भाग म्हटले आहे, हे लहानपणापासून मदरशात शिकलेल्यांना स्वच्छतेचे महत्त्व नव्याने पटवावे लागत नाही. पण या सगळ्या कामांत खिडक्यांची आठवण सर्वांत शेवटी होते. चंद्र दिसायला दोन दिवस उरलेले असतात, घरात सहरीच्या सामानाची यादी चाललेली असते, आणि कोणीतरी म्हणते, “अगं, काचा राहिल्याच की!” मग जे घाईत होते, त्याविषयी या महिन्यात लिहायचे आम्ही ठरवले आहे.

आधी थोडे शब्दाविषयी. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवणाऱ्याला अशा ठिकाणी थांबल्याशिवाय राहवत नाही. खिडकीच्या काचेला मराठीत ‘तावदान’ म्हणतात. हा शब्द फारसीतल्या ‘ताबदान’वरून आला. ताब म्हणजे तेज, उजेड. दान म्हणजे ठेवायचे पात्र, जसे पानदान, गुलाबदान. म्हणजे तावदान हे उजेड ठेवायचे भांडे झाले. भांडे घासायचा आपल्याला कंटाळा नाही, मग याचाच का?

काही घरांत कंटाळ्याला एक कारणही जोडलेले असते. “काच मळकी असलेली बरी, बाहेरचे आत पाहत नाहीत,” असे म्हणणाऱ्या आपा आम्हाला एकदा नव्हे, अनेकदा भेटल्या आहेत. हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. दिवसा बाहेर उजेड जास्त आणि खोलीत कमी असतो. अशा वेळी स्वच्छ काचेतूनही रस्त्यावरच्या माणसाला आतले फारसे दिसत नाही. त्याला काचेत आभाळाचे आणि समोरच्या इमारतीचे प्रतिबिंब दिसते. रात्री आत दिवा लागला की उलटे होते, आणि तेव्हा धुळीचा थर काहीही झाकत नाही. पर्दा पडद्याने होतो, जाळीने होतो, खालच्या अर्ध्या तावदानाला धुरकट कागद चिकटवून होतो. धुळीने होतो तो फक्त अंधार. जुन्या वाड्यांतल्या आणि हवेल्यांतल्या जाफऱ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक आहे, की आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न किती छान सोडवला होता: वारा आत, उजेड आत, नजर बाहेर.

नजरेची जबाबदारी पाहणाऱ्यावरही आहे, हेही विसरू नये. सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा हुकूम आधी पुरुषांना आला आहे, मग स्त्रियांना. आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या दाराच्या फटीतून आत डोकावणाऱ्या माणसाला त्यांनी किती कडक शब्दांत समज दिली, ते सहीह बुखारीत आहे. घरात येण्याची परवानगी मागायची ती नजरेसाठीच, असे त्यांनी त्याला सांगितले.

उजेडाइतकीच गोष्ट हवेची. खिडकी पुसायला गेले की कळते, तिचे एक दार रंगात चिकटले आहे, दुसऱ्यासमोर कपाट आहे आणि तिसऱ्याला जाळीच्या जागी गोणपाट ठोकले आहे. क्षयरोगासारखा हवेतून पसरणारा आजार कोंदट खोलीत वाढतो. उघडी खिडकी तिथे औषधाच्या जोडीला काम करते. आणि एक बाब पुष्कळांना माहीत नसते. अंगाला ‘ड’ जीवनसत्त्व मिळावे म्हणून बंद काचेआड उन्हात बसून उपयोग होत नाही. त्यासाठी लागणारे किरण साधी काचसुद्धा अडवते. ऊन हवे तर खिडकी उघडायची. घराबाहेर कमी पडणाऱ्या आपल्या आयाबहिणींनी हे लक्षात ठेवावे.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. काच पुसायला फार काही लागत नाही. अर्धी बालदी पाणी, त्यात भांडी घासायच्या पातळ साबणाचे चार थेंब, दोन सुती फडकी आणि जमल्यास रबराची पट्टी असलेला लहान वायपर. बाजारातल्या रंगीत फवाऱ्याची गरज नाही. त्यात अल्कोहोल असते का, ते चालते का, असे प्रश्न आमच्याकडे येतात. साबणपाण्याने काम होत असेल तर तो प्रश्न उद्भवतच नाही. साबण मात्र चार थेंबच. जास्त साबण म्हणजे जास्त ओरखडे दिसणार, आणि मग “कितीही पुसले तरी काच धूसरच” अशी तक्रार.

पहिली चूक सगळीकडे एकच दिसते: धुळीवर थेट पाणी. त्याने चिखल होतो आणि चिखलातले वाळूचे कण काच खरवडतात. आधी कोरड्या कुंचल्याने किंवा फडक्याने वरून खाली धूळ उतरवावी, चौकट आणि गज आधी, काच नंतर. दुसरी चूक, भर उन्हात काम. तापलेल्या काचेवर पाणी पुसायच्या आत सुकते आणि डाग उरतात. सकाळी लवकर किंवा ती बाजू सावलीत आली की हात घालावा. आतून पुसताना फडके आडवे आणि बाहेरून पुसताना उभे फिरवावे. शेवटी एखादी रेघ राहिली, तर ती कोणत्या बाजूला आहे हे तिच्या दिशेवरूनच कळते. हे मुलांना फार आवडते. वायपर वापरत असाल तर प्रत्येक ओढीनंतर रबर पुसायचे, नाहीतर तोच मळ पुढच्या पट्ट्यावर.

जिथे बोअरचे जड पाणी आहे, तिथे काचेवर पांढरे ठिपके बसतात. ते साबणाने जात नाहीत. त्यांना सिरका लागतो. पांढऱ्या सिरक्यात तितकेच पाणी मिसळून फडके ओले करावे, ठिपक्यांवर दहा मिनिटे चिकटवून ठेवावे, मग पुसून साध्या पाण्याने धुवावे. सालन म्हणून ज्याची हदीसमध्ये तारीफ आली आहे तो सिरका असा इथेही उपयोगी पडतो. पण खिडकीचा कट्टा संगमरवराचा किंवा कडप्प्याचा असेल तर त्यावर सिरका सांडू देऊ नका. दोन्ही चुन्याच्या जातीचे दगड, आम्ल त्यांना खाते आणि चकाकी कायमची जाते. ग्रॅनाइटला तसा धोका नाही. कोकणातल्या खाडीकाठच्या घरांत काचेवर मिठाचा थर असतो. तो आधी नुसत्या पाण्याने उतरवावा, मीठ पाण्यात सहज विरघळते.

न्हाणीघरातले ॲसिड काचेवर कधीही नको. रंगकाम झाल्यावर सिमेंटचे डाग काढायला काहीजण ते वापरतात. ॲल्युमिनियमची चौकट त्याने जळते, फुप्फुसेही. आणि ॲसिड किंवा सिरका ब्लीचमध्ये मिसळला तर क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये “दोन्हींचा गुण येईल” म्हणून असे मिश्रण करणे जिवावर बेतू शकते.

काच कोरडी करायला जुना वर्तमानपत्राचा कागद उत्तम, असे सगळेच सांगतात. त्यात तथ्य आहे; कागदाचे तंतू काचेवर राहत नाहीत. पण आपल्या घरात उर्दू वर्तमानपत्र येते. त्याच्या पहिल्या पानावर आयत असते, आत हदीस असते, माणसांच्या नावांत अल्लाहची नावे असतात. रमजानात मराठी वर्तमानपत्रेही आयतींचा अर्थ छापतात. चुरगळून मळ पुसायचा आणि कचऱ्यात टाकायचा, तर प्रत्येक पान आधी वाचायला हवे. त्यापेक्षा दादीच्या जुन्या मलमलच्या ओढणीचे तुकडे वापरावेत. मलमल पाणी चटकन शोषते, धुऊन पुन्हा वापरता येते, आणि छपाईची शाई पांढऱ्या चौकटीला लागत नाही. नवी सिंथेटिक ओढणी मात्र कामाची नाही, ती पाणी नुसते पसरवते.

पाण्याविषयी एवढेच. प्रेषित (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करत आणि एक साअ ते पाच मुद्द पाण्यात गुस्ल. मुद्द म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ; चार मुद्दांचा एक साअ. ज्यांच्या नबींचे स्नान इतक्या पाण्यात होत होते, त्यांच्या गॅलरीतून नळी लावून खालच्या मजल्याच्या वाळत्या कपड्यांवर पाणी सोडले जावे, हे शोभत नाही. टँकरची वाट पाहणाऱ्या गावांत तर नाहीच नाही.

इथपर्यंत सारे सोपे होते. आतली बाजू कोणीही पुसते. प्रश्न बाहेरच्या बाजूचा आहे, आणि आजचे लिखाण खरे तर तिच्यासाठीच आहे.

कौलारू घरांत, बैठ्या चाळीत बाहेरची बाजू पुसायला अंगणात उभे राहिले की झाले. आता आपली वस्ती वर चढली आहे. मुंब्रा, भिवंडी, मिरा रोड, पुण्याचे कोंढवा. तालुक्याच्या गावीसुद्धा तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या. खिडक्या सरकत्या झाल्या. दोन तावदाने एकमेकांवर सरकतात, कोणतीही एक बाजू उघडली तरी अर्धीच खिडकी मोकळी होते, आणि दुसऱ्या तावदानाची बाहेरची बाजू हाताला येत नाही. मग कोणीतरी कट्ट्यावर चढते. एक हात चौकटीला, दुसऱ्या हातात फडके, पाय बाहेरच्या सज्ज्यावर. काही वर्षांपूर्वी गाझियाबादमधली एक चित्रफीत सर्वांच्या मोबाइलवर फिरली होती: चौथ्या मजल्याच्या खिडकीबाहेर अरुंद कठड्यावर उभी राहून एक बाई काचा पुसत होती. लोकांनी ती पाहून तोंडात बोटे घातली. पण आपापल्या गल्लीत मान वर करून पाहिले असते तर रमजानच्या, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात असे दृश्य त्यांना घराजवळच दिसले असते.

खुर्चीचा हिशेब करून पाहा. खिडकीचा कट्टा साधारण तीन फुटांवर असतो, म्हणजे उभ्या माणसाच्या कमरेला. खुर्चीची बैठक दीड फुटावर. खुर्चीवर चढले की तोच कट्टा गुडघ्याशी येतो. गुडघ्याशी आलेली भिंत तोल गेलेल्या माणसाला थांबवत नाही, उलट पाय अडकवून पाडते. म्हणून उघड्या खिडकीशेजारी खुर्ची, स्टूल, पलंगाची कड, काहीही नको. लोखंडी ग्रिल आहे म्हणून निर्धास्त राहणेही बरे नाही. बाहेर काढलेल्या पिंजऱ्यासारख्या ग्रिलमध्ये कुंड्या, जुन्या बालद्या, सायकल ठेवलेली असते. पावसाने त्याचे भिंतीतले खिळे आतून गंजलेले असतात. ते कपडे वाळवायला आहे, माणूस उभा करायला नाही.

आणि आपल्या घरांत आणखी एक अडचण येते, जी इतर मासिकांत कोणी लिहिणार नाही. खिडकीत उभे राहिले की समोरच्या इमारतीतून दिसते. म्हणून अनेक सुना हे काम मगरिबनंतर, झाकोळ पडल्यावर करतात. काहीजणी बुरखा किंवा लांब ओढणी घेऊनच कट्ट्यावर चढतात. अपुरा उजेड, पायात घोळणारे कापड, ओली फरशी. रोजा असेल तर दिवसभराचे उपाशीपण आणि पाण्याविना आलेली चक्कर. मर्यादा सांभाळण्यासाठी केलेली ही धडपड आम्ही समजू शकतो. पण मग सरळ प्रश्न असा, की खिडकीबाहेर हात घालायचे काम घरातल्या पुरुषांनी का करू नये? त्यांना तर कोणाच्या नजरेची अडचण नाही.

पुरुषांनीही कट्ट्यावर चढू नये, हे आलेच. आमचा नियम एवढाच: दोन्ही पाय खोलीच्या फरशीवर. तिथून हात पोचेल तेवढे पुसायचे. त्यापुढे लांब दांड्याचा वायपर वापरायचा. दांड्याला मनगटात अडकवायची दोरी बांधायची, नाहीतर सुटलेला वायपर खाली चालणाऱ्याच्या डोक्यात. बऱ्याच सरकत्या खिडक्यांचे तावदान वर उचलून रुळातून आत काढता येते, पण ते जड असते. दोन मोठ्या माणसांनी, बाहेर ग्रिल असेल तरच, आणि पहिल्यांदा खिडकी बसवणाऱ्या कारागिराकडून शिकून घेऊन. उंच इमारतींत सोसायटीने पावसाळ्यानंतर एकदा सुरक्षा पट्टे आणि दोर वापरणाऱ्या प्रशिक्षित माणसांकडून सगळ्यांच्या काचा करून घ्याव्यात. खर्च सर्वांत वाटला की फार वाटत नाही. एवढे करूनही कोपऱ्यात वीतभर धूळ उरली तर उरू द्यावी. इफ्तारला येणारा पाहुणा तिचा हिशेब ठेवत नाही, आणि ठेवत असेल तर त्याच्यासाठी कोणाचा जीव टांगणीला लावायचे कारण नाही.

कामाला येणाऱ्या खालांविषयी बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. घरातल्या सुनेला “नको चढूस” म्हणणारी सासू खालांना “जरा बाहेरून पण मारा हात” असे सहज सांगून जाते. खालांना नाही म्हणणे जमत नाही. पुढे ईदचे कपडे, मुलांची फी उभी असते. त्याही रोजाच असतात बहुधा. हजरत अबूजर (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस आपण खुत्ब्यांत कितीदा ऐकतो: तुमच्या हाताखाली काम करणारे तुमचे भाऊ आहेत, त्यांच्या ताकदीपलीकडचे काम त्यांच्यावर टाकू नका, आणि टाकलेच तर स्वतः त्यांना मदत करा. बुखारी आणि मुस्लिम, दोन्हींत आहे. ही मदत दुसऱ्या खोलीतून “सांभाळून हं” असे ओरडून होत नाही. त्या पुसत असतील तर बालदी उचलणारे, फडके पिळून देणारे घरातले कोणी शेजारी उभे असावे, आणि मर्यादा त्यांनाही तीच: दोन्ही पाय फरशीवर. आपल्या मुलीला जे सांगणार नाही ते त्यांना सांगायचे नाही. जास्तीच्या कामाचे पैसे पगारात धरायचे नाहीत, वेगळे द्यायचे, आणि तेही जकात म्हणून नव्हे. ती मजुरी आहे, जकात नाही. दोन्हींची सरमिसळ करून हिशेब मिटवणे बरोबर नाही.

आता मुलींकडे येतो, कारण हजेरीपत्रक रोज आमच्या हातात असते. गेली काही वर्षे रमजान आणि दहावी-बारावीच्या परीक्षा जवळजवळ एकाच सुमारास येत आहेत. त्याच्या आदल्या आठवड्यात वर्गातल्या काही जागा रिकाम्या दिसू लागतात. चौकशी केली की उत्तर येते, “सर, घरी साफसफाई आहे.” हे उत्तर मुलींचेच असते. त्यांचे सख्खे भाऊ शेजारच्या वर्गात हजर असतात, किंवा मैदानात. एका मुलीने निबंधात लिहिले होते की तिला खिडक्यांचे काम आवडते, कारण तेवढा वेळ बाहेरचे दिसते. वाक्य लहान होते. आम्ही त्याला गुण दिले आणि घरी जाऊनही ते डोक्यातून गेले नाही.

हजरत आयशा (रजि.) यांना विचारले गेले, की प्रेषित (स.) घरी काय करत. त्या म्हणाल्या, घरच्यांच्या कामात असत, आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात. ही हदीसही बुखारीतच आहे. बारा वर्षांच्या मुलाला ती अर्थासकट सांगावी आणि हातात कोरडा कुंचला द्यावा. लांब दांड्याचा वायपर त्याच्या अब्बांकडे असू द्यावा. बहिणीची दहावी असेल तर यंदा तिच्या वाट्याला एकही खिडकी येऊ नये. अम्मींना हे घडवून आणायला थोडा त्रास पडेल; मुलाने पुसलेल्या काचेवर पहिल्यांदा ढगांसारखे डाग राहतील. ते पुन्हा स्वतः पुसायला धावू नये. आडव्या-उभ्या रेघांची युक्ती सांगितली की तो आपली चूक स्वतः शोधतो. एका खोलीला एक माणूस असे ठरवले, आणि शब-ए-बरातच्या दुसऱ्या दिवसापासून रोज एकच खोली घेतली, तर पहिला रोजा यायच्या आत सगळ्या खिडक्या होतात आणि शाळा कोणाची बुडत नाही.

शेवटी रुळाचे सांगायचे राहिले. सरकत्या खिडकीच्या खालच्या रुळात बाहेरच्या कडेला बारीक भोके असतात. पावसाचे आत आलेले पाणी त्यांतून बाहेर जावे म्हणून ती ठेवलेली असतात. वर्षभराची माती, मेलेले डास आणि पडद्याचे दोरे तिथे दाटून बसतात. मग जूनच्या पहिल्या जोराच्या सरीला पाणी कट्ट्यावरून थेट गादीवर उतरते, आणि आपण बिल्डरला नावे ठेवतो. आधी जुन्या दातांच्या ब्रशने कोरडी माती काढावी, मग झाडूची काडी भोकात फिरवावी, मग रुळात कपभर पाणी ओतून ते बाहेर पडते का पाहावे. डासांची जाळी निघत असेल तर साबणपाण्यात बुडवून मऊ ब्रशने घासावी, सावलीत वाळवावी आणि दिवे लागायच्या आत जागेवर बसवावी, नाहीतर तरावीहून येईपर्यंत घर डासांनी भरते.